शुद्धिपत्र हवं: चित्र एका डागाचं, मजकूर दुसऱ्याचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत तान्ह्या बाळांच्या अंगावरच्या लाल डागांबद्दल लेख आला होता. लेख वाचताना हातातला चहा गार झाला, म्हणून हे पत्र. मी गिरगावातल्या एका छापखान्यात ३४ वर्षं काढली. आधी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले, आणि खिळ्यांचे दिवस गेल्यावर तिथेच बसून मुद्रितं तपासली. चित्र आणि चित्राखालची ओळ जुळते का, हे पाहायची खोड अजून गेलेली नाही.

तुमच्या चित्रातल्या बाळाच्या कपाळापासून गालापर्यंत एका बाजूला सपाट, द्राक्षाच्या रसासारखा डाग आहे. खाली ओळ आहे की असे डाग पाच-सहा वर्षांत आपोआप जातात. चित्रातला डाग पोर्ट-वाइन स्टेन, तो आपोआप जात नाही. पाच वर्षांत नाही आणि पन्नासातही नाही. आपोआप ओसरतो तो वेगळा डाग, हेमांजिओमा, त्याचं चित्र लेखात कुठेच नाही. शिवाय पुढे 'लेसरने कोणताही लाल डाग एका बैठकीत' असं एक वाक्य आहे. ते कुठल्या जाहिरातीतून उतरलं असावं, याचा अंदाज मला आहे.

आता हे मला कुठून कळलं ते सांगतो.

चार वर्षांपूर्वी आमची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. ३४व्या आठवड्यातच मोकळी झाली. नात, वजन १ किलो ९०० ग्रॅम. तेरा दिवस पोर रुग्णालयात काचेच्या पेटीत होती, चौदाव्या दिवशी आमच्या चाळीतल्या दोन खोल्यांत आली. तेव्हा तिच्या उजव्या वरच्या पापणीवर फिकट पट्टा होता आणि त्यात एक बारीक लाल रेघ. नख लागलं असेल म्हणून आम्ही हातात मोजे घातले. सौ.ने नियमाप्रमाणे काजळ घातलं, गालावर तीट लावली. त्या काजळात ती रेघ आणखी आठवडाभर झाकून राहिली असती. पण मला अक्षरावरचा तुटका वेलांटीचा तुकडासुद्धा दिसतो, म्हणून मी भिंग काढलं. रेघ नव्हती. खसखशीएवढे लाल ठिपके ओळीनं बसले होते.

मग मी दर रविवारी तो डाग मोजायला लागलो. पोर झोपली की पापणीवर बटर पेपर अलगद टेकवायचा, मऊ पेन्सिलीनं डागाच्या चार कडांना चार ठिपके द्यायचे, कागद उचलून ठिपके जोडायचे आणि छापखान्यातल्या जुन्या पॉइंटांच्या पट्टीनं रुंदी घ्यायची. माझा हात थरथरतो. त्यासाठी रोज सकाळी एक गोळी असते, तिच्यावर तासभर गेला की हात बऱ्यापैकी ठरतो. म्हणून मोजमाप नेहमी दहाच्या सुमारास. (ही गोळी लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.)

पहिल्या रविवारी डाग ६ पॉइंट होता, म्हणजे दोन मिलिमीटरांहून थोडा जास्त. तिसऱ्या रविवारी १८. पाचव्या रविवारी ३६, म्हणजे साडेबारा मिलिमीटर, आणि आता तो सपाटही नव्हता. स्ट्रॉबेरीच्या सालीसारखा खरबरीत, फुगलेला, लालभडक. पोर रडली की आणखी टरारायचा.

या पाच आठवड्यांत चाळीनं सुचवायचं ते सगळं सुचवलं. एकीनं लेकीला विचारलं, ग्रहणात काय चिरलंस? दुसरीनं चुना आणि सोडा कालवून लावायला सांगितला, चामखिळीला लावतात तसा. एका आजीबाईंनी बिब्बा आणूनच दिला. सौ.ने तो परत केला, दृष्ट मात्र काढली. दृष्टीत मीठ-मोहरी चुलीत जाते, पापणीवर येत नाही, तेव्हा माझी हरकत नव्हती. मी पोरीला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे दोनदा नेलं. दोन्ही वेळा त्यांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, 'आजोबा, काही करू नका, पाच वर्षांत आपोआप जाईल.' दुसऱ्या वेळी मी बटर पेपर दाखवले तर हसले. माणूस वाईट नाही. जे सांगितलं तेही अर्धं खरं होतं. पण तुमच्या लेखात तेच अर्धं छापलं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी माझ्या नातीला आज चष्मा आहे.

पंचेचाळिसाव्या दिवशी दीड महिन्याच्या लशीसाठी तिला पालिकेच्या दवाखान्यात नेलं. बाहेर पाऊस, आत रांग. सिस्टरांनी मांडीत सुई टोचायला दुपटं सोडलं, टोपडं मागे सारलं आणि थांबल्या. पोर रडत होती, डावा डोळा मिटून उघडत होता, उजवा उघडतच नव्हता. त्यांनी लेकीला विचारलं, 'हा डोळा शेवटचा पूर्ण उघडलेला कधी पाहिला?' लेकीला सांगता येईना. सिस्टर म्हणाल्या, 'पापणी बाहुलीवर आलीय. लस झाली की घरी जाऊ नका, आजच्या आज मोठ्या रुग्णालयात.' आणि लशीच्या कार्डाच्या मागच्या बाजूला बॉलपेननं लिहून दिलं. त्यांचं नाव मी विचारलं नाही, हे मला अजून लागतं.

मोठ्या रुग्णालयातल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आधी काय केलं, तर झबलं-लंगोट सगळं उतरवून पोरीला टाळूपासून टाचेपर्यंत पाहिलं, काखा, मांड्या, कंबर, सगळं. असे पाच किंवा जास्त डाग असतील तर पोटाची सोनोग्राफी करतात, कारण यकृतातही गाठी असू शकतात. हनुवटी-जबड्याच्या पट्ट्यात असेल तर श्वासनलिकेत आहे का पाहतात. तिच्या अंगावर एकच होता. मग काचेची पट्टी घेऊन त्यांनी डागावर हलकेच दाबली. डाग फिका झाला, पट्टी उचलताच पुन्हा भरला. रक्त नळ्यांमध्येच आहे, कातडीत सांडलेलं नाही, एवढं त्यावरून कळतं. (घरी येऊन मी भिंगाची काच माझ्या पोटावरच्या लाल तिळांवर दाबून पाहिली. ते थोडे फिके झाले, पूर्ण नाही. हे तीळ चाळिशी-पन्नाशीनंतर पुष्कळांना येतात, माझे सतरा आहेत, त्यांना काही करावं लागत नाही. पण एखादा लाल फोड चार-सहा आठवड्यांत अचानक उगवून भळाभळा वाहू लागला, तर तो या तिळांतला समजू नये. डॉक्टर तो काढून तपासायला पाठवतात.)

तुकडा काढून तपासायची गरज पडली नाही. बाईंनी एवढंच विचारलं, की जन्मताना होता का, कधी दिसला, कसा वाढला. लेक गोंधळली. मी पाकिटातून पाच बटर पेपर काढून टेबलावर एकावर एक ठेवले. त्या दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी मोबाइलवर कागदांचा फोटो घेतला आणि हाताखालच्या मुलांना बोलावून दाखवला. चौतीस वर्षांत माझ्या प्रुफाला एवढा मान कुणी दिला नव्हता.

या डागाला हेमांजिओमा म्हणतात. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी वाढून झालेली ही साधी गाठ आहे, कर्करोग नव्हे. शंभरात चार-पाच बाळांना होते. मुलींना जास्त, अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना आणखी जास्त. जन्मताना नसते किंवा जेमतेम दिसते, पहिल्या काही आठवड्यांत उगवते आणि पाचव्या ते आठव्या आठवड्यात सगळ्यात वेगानं वाढते. तीन ते पाच महिन्यांत बहुतेक वाढ संपते. वर्षाच्या आसपास ओसरायला लागते आणि ओसरणं काही वर्षं चालतं. 'आपोआप जाते' हे याच गाठीबद्दल खरं आहे. पाठीवर, दंडावर लहानशी असेल तर नुसतं लक्ष ठेवणं पुरतं, कधी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंब वरून लावायला देतात. पण पापणी, नाकाचं टोक, ओठ, जबडा, लंगोटाखालची जागा, किंवा चेहऱ्यावर मोठा पट्टा, या जागी पाच वर्षं थांबायचं नसतं. ओठावरची आणि लंगोटाखालची चिघळते, नाकाच्या टोकावरची नाकाचा आकार बिघडवून जाते. आणि पापणीवरची बाहुली झाकते. तान्हेपणी मेंदू डोळ्यानं पाहायला शिकत असतो. जो डोळा झाकलेला आहे त्याचा नाद तो सोडून देतो. पुढे गाठ गेली तरी डोळा मंदच राहतो.

म्हणून अशा बाळाला महिन्याच्या आत त्वचेच्या किंवा बालरोग डॉक्टरांनी पाहिलेलं बरं. आम्ही सातव्या आठवड्यात पोचलो.

औषध कोणतं, तर प्रोप्रॅनोलॉल. मी चिठ्ठीवरचं नाव वाचलं आणि खिशातली डबी काढली. तीच! माझ्या थरथरीची सकाळची गोळी. जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात हृदयासाठी शोधलेली, ज्या कामासाठी त्यांना १९८८चं नोबेल मिळालं. ती लाल गाठीवर चालते हे कुणी ठरवून शोधलेलं नाही. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात क्रिस्टीन लेओते-लाब्रेझ नावाच्या डॉक्टरीणबाई नाकावर मोठी गाठ असलेल्या बाळाला स्टिरॉइड देत होत्या. त्यात बाळाच्या हृदयाचा स्नायू जाड झाला, म्हणून प्रोप्रॅनोलॉल सुरू केलं. दुसऱ्याच दिवशी गाठीचा भडक लाल रंग जांभळट झाला आणि गाठ मऊ पडली. २००८च्या जूनमध्ये त्यांनी अकरा बाळांचा अनुभव 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापला, आणि तोही, संपादक महाशय, पत्र म्हणून. २०१५मध्ये त्याच नियतकालिकात मोठी चाचणी आली. सहा महिने औषध घेतलेल्या बाळांपैकी ६० टक्क्यांची गाठ पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेली. नुसतं बिनऔषधाचं द्रव दिलेल्या बाळांत हे प्रमाण ४ टक्के होतं.

कृपा करून माझी ही ओळ वाचून कुणी आजोबांच्या डबीतली गोळी फोडून बाळाला देऊ नका. मात्रा बाळाच्या वजनावर मिलिग्रॅममध्ये ठरते आणि वजन वाढेल तशी बदलते. नात अपुऱ्या दिवसांची, म्हणून सुरुवातीला तीन दिवस रुग्णालयात ठेवलं. हृदयाचा आलेख काढला, प्रत्येक मात्रेनंतर एका तासानं आणि दोन तासांनी नाडी आणि रक्तदाब पाहिला. दम्याची प्रवृत्ती आहे का विचारलं. सगळ्यात मोठी धास्ती साखर उतरण्याची. औषध दुधाबरोबरच द्यायचं, रात्री फार वेळ उपाशी ठेवायचं नाही, उलटी-जुलाब असतील किंवा बाळ पीत नसेल तर मात्रा चुकवायची आणि डॉक्टरांना फोन करायचा. सौ.ने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत रोज 'दू.' आणि 'औ.' लिहायला सुरुवात केली. एके दिवशी 'औ.' आहे आणि 'दू.' नाही, हे रात्री अकराला मला दिसलं आणि घरात अर्धा तास रणकंदन झालं. दूध पाजलं होतं, लिहायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी डागाचा भडकपणा उतरला. मला भास वाटला, म्हणून खिडकीपाशी नेऊन पाहिलं. आठव्या रविवारी बटर पेपरावर पहिल्यांदा आकडा खाली आला, ३२. नवव्या रविवारी २८, आणि डोळा उघडला. लेक रडली, मी कागदावर तारीख घातली. त्यानंतर मोजणं सोडलं. औषध तेरा महिन्यांची होईपर्यंत चाललं.

पण पापणीच्या भारानं बुबुळ दबून उजव्या डोळ्याला सिलिंड्रिकल नंबर आला. दोन वर्षं रोज दोन तास डाव्या, चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून उजव्याला कामाला लावलं. पट्टी बांधताना ती जे ओरडायची ते मी लिहीत नाही. महिना आधी गेलो असतो तर नंबर आलाच नसता का, असं मी डोळ्याच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, खात्रीनं कुणी सांगू शकणार नाही. बरोबर बोलले.

आता तुमच्या चित्रातल्या डागाविषयी. आमच्या छापखान्यात बांधणी खात्यात एक गृहस्थ होते, राजापूरकडचे. कपाळ, डावी पापणी आणि गाल, अगदी तुमच्या चित्रातल्यासारखा डाग, जन्मापासूनचा. १९८५ साली कपाळावर असाच डाग असलेले गोर्बाचेव्ह सोव्हिएत रशियात सत्तेवर आले आणि त्यांचे फोटो छापायला लागले, तेव्हा खात्यातल्या पोरांनी यांचं नाव 'गोर्बा' ठेवलं. ते हसून घ्यायचे. त्यांची आई मात्र मरेपर्यंत म्हणत होती की मी ग्रहणात विळीवर बसले. पंचेचाळिशीनंतर डाग जाडावला, त्यावर गाठी आल्या, दाढी करताना रक्त यायचं. पुढे काचबिंदूनं डावा डोळा गेला. डाग आणि डोळा यांचा संबंध त्यांना कुणी सांगितला नाही. आज मला ठाऊक आहे की कपाळ-पापणीवर असा डाग असेल तर डोळ्याचा दाब लहानपणापासून तपासत राहावा लागतो, आणि फिट येते का याकडेही लक्ष ठेवावं लागतं.

हा पोर्ट-वाइन स्टेन. ही गाठ नाही, केशवाहिन्याच रुंद राहिलेल्या असतात. मुलाबरोबर वाढतो, ओसरत नाही, प्रोप्रॅनोलॉलनं जात नाही. यावर उपाय पल्स्ड डाय लेसर, ५९५ नॅनोमीटर तरंगलांबीचा किंवा त्याच्या जवळपासचा. त्याचा प्रकाश रक्तातल्या लाल रंगात शोषला जातो आणि नळी आतून भाजून बंद होते. एक बैठक नव्हे, कित्येक बैठका. डाग फिका होतो, पूर्ण क्वचितच जातो, लहान वयात सुरू केलेलं बरं. कारणही आता कळलं आहे. २०१३मध्ये जीएनएक्यू नावाच्या जनुकातला एका अक्षराचा बदल सापडला. गर्भ वाढत असताना एखाद्या पेशीत तो होतो, आईबापांकडून येत नाही. एका अक्षराची चूक, तीही कुणी न केलेली. आमच्या त्या बांधणी खात्यातल्या गृहस्थांची आई १९९०च्या आसपास गेली.

दोन्ही डागांना पूर्वी डॉक्टरही एकाच नावानं हाक मारत. १९८२मध्ये बोस्टनच्या जॉन मुलिकेन आणि जुली ग्लोवाकी यांनी पेशी तपासून वाढणाऱ्या गाठी आणि मुळातच वेड्यावाकड्या घडलेल्या रक्तवाहिन्या, अशी दोन घरं वेगळी केली. आमच्या केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीत, 'घ'च्या घरात 'ध' पडला तर पोऱ्याचा कान पिळला जाई. तुमच्या पुरवणीत ४०हून अधिक वर्षांपूर्वी वेगळे केलेले खिळे पुन्हा एका घरात पडलेत.

तेव्हा दोन विनंत्या. पहिली, येत्या रविवारी शुद्धिपत्र द्या, पण शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात सहा पॉइंटात नको. मूळ लेखाच्या जागी, दोन्ही डागांची दोन चित्रं आणि ज्याची त्याची ओळ. चित्र देताना बाळाचे डोळे काळ्या पट्टीनं झाका, पण पापणीवरच्या गाठीचं चित्र असेल तेव्हा नका झाकू, नाहीतर तुमचा कलाविभाग तीच झाकून ठेवील.

दुसरी विनंती तुमच्यामार्फत पालिकेच्या आरोग्य खात्याला. दीड महिन्याची लस ही जवळजवळ प्रत्येक आई पाळते, आणि गाठ सगळ्यात वेगानं वाढते तो काळही हाच. त्या दिवशी टोपडं, झबलं, लंगोट काढून बाळाला एकदा उजेडात पाहा, असं लसीकरणाच्या टेबलावर लिहून ठेवता येईल. त्याहूनही आधी, पहिल्या दीड महिन्यात घरी भेट देणाऱ्या आरोग्यसेविका बाळाचं वजन आणि नाळ पाहतात, तेव्हाच काजळ पुसून पापण्या पाहिल्या तर दोन-तीन आठवडे वाचतील. आमच्या सिस्टरांनी कुणी न सांगता पाहिलं. पुढच्या वेळी त्या टेबलावर त्याच असतील असं नाही.

सोबत सातही बटर पेपरांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत, छापल्यात तर मूळ मापात छापा, लहान-मोठ्या करू नका. सहाव्या आणि सातव्या रविवारचे कागद त्यात नाहीत. एका रविवारी आम्ही रुग्णालयात होतो, आणि दुसऱ्या रविवारी मी गोळी घ्यायला विसरलो होतो, रेघ वाकडी आली, ती मी फाडून टाकली. मूळ कागद पाठवत नाही. नातीनं त्यांच्या मागच्या बाजूला मांजरं काढली आहेत आणि ते आता तिचे आहेत.

आपला,
एक निवृत्त खिळेजुळारी
गिरगाव, मुंबई ४
(नाव-पत्ता संपादकांसाठी वेगळ्या कागदावर)